लडाखच्या पुलाचे गर्डर मुंबईजवळ रंगवताना कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न (गुणवत्ता निरीक्षक, तळोजे)

नमस्कार. आमच्या कारखान्यात लडाखमधील एका लहान पुलाचे पोलादी गर्डर तयार होत आहेत. पुलाची जागा सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथे हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. ठरलेली रंगपद्धती नेहमीचीच आहे: एसए २½ दर्जाचे ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने पोलाद जवळजवळ पूर्ण स्वच्छ करणे), झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधला इपॉक्सी थर आणि वर पॉलीयुरेथेन, मिळून २४० मायक्रॉन. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात पोलादाचे किमान तापमान १० अंश दिले आहे. तळोज्यात ही अट कधीच आड येत नाही. परंतु गर्डरांचे जोड आणि वाहतुकीत खरचटलेल्या जागा लडाखमध्येच रंगवाव्या लागतील, आणि उभारणी ऑक्टोबरपर्यंत लांबण्याची चिन्हे आहेत. थंडी कडक असल्यामुळे एकूण जाडी ४०० मायक्रॉनपर्यंत वाढवावी, अशीही सूचना ग्राहकाकडून आली आहे. ती मान्य करावी का, आणि टच-अपसाठी काय वापरावे?

उत्तर १ (लेप सल्लागार, मुलुंड)

जाडी वाढवण्याची सूचना मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर आकसते. म्हणजे उन्हात ४० अंशांपर्यंत तापलेला ३० मीटरचा गर्डर उणे २० अंशांवर आला की सुमारे २२ मिलिमीटरने आखूड होतो. इपॉक्सीची आकसण्याची ओढ याच्या कित्येक पट असते, पण पोलादाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तिला तसे आकसता येत नाही आणि तो ताण लेपातच साठून राहतो. थंडीत इपॉक्सी अधिक ठिसूळही होते. लेप जितका जाड तितका हा ताण मोठा, आणि तो आधी वेल्डच्या कडेला व कोपऱ्यांवर भेगांच्या रूपाने दिसतो, कारण तिथे रंग साचलेला असतो. कडांवर आणि वेल्डवर ब्रशने स्ट्राइप कोट (फक्त तेवढ्या जागांवर जादा हात) द्यावा, मात्र सपाट भागावर ठरलेली जाडी ओलांडू नये.

शिवाय लडाखची हवा कोरडी आहे. पोलाद गंजण्यासाठी त्याच्यावर पाणी द्रवरूपात टिकावे लागते, आणि गोठणबिंदूखाली, कोरड्या हवेत ते फारसे टिकत नाही. म्हणून थंड आणि कोरड्या प्रदेशांची गंजण्याची श्रेणी आपल्या किनारपट्टीपेक्षा कितीतरी खालची धरली जाते. तिथला मोठा शत्रू म्हणजे उंचीवरचे तीव्र अतिनील किरण. त्यांच्यामुळे उघडी इपॉक्सी भुकटी होऊन झडते. म्हणून वरचा थर अ‍ॅलिफॅटिक (अतिनील किरणांना टिकणाऱ्या) पॉलीयुरेथेनचाच आहे, याची खात्री करून घ्यावी.

खरी अडचण लेप टिकण्याची नसून तो पक्का होण्याची आहे. तापमान दर १० अंशांनी उतरले की इपॉक्सीची रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगावर येते. जे काम २५ अंशांना एका दिवसात होते, त्याला ५ अंशांना चार दिवस लागू शकतात. त्याहून खाली नेहमीच्या हार्डनरची (इपॉक्सीत मिसळून ती पक्की करणाऱ्या घटकाची) क्रिया जवळजवळ थांबते. द्रावक उडून गेल्यामुळे लेप हाताला कोरडा लागतो आणि निरीक्षक फसतो. दरम्यान हार्डनरमधील अमाइन हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर तेलकट साय धरते, आणि तिच्यावर दिलेला पुढचा थर पुढे सोलून निघतो.

टच-अपसाठी फेनालकामाइन हार्डनर असलेली हिवाळी इपॉक्सी मागवावी. काजूच्या टरफलातील, कातडी पोळवणाऱ्या तेलापासून कार्डॅनॉल मिळते आणि त्यापासून हा हार्डनर बनतो. अशा अनेक इपॉक्सी उणे ५ अंशांपर्यंत लावता येतात. मात्र माहितीपत्रकातील अंश पोलादाचे असतात, हवेचे नव्हेत. पहाटे उघड्या आकाशाखालचे पोलाद हवेपेक्षाही थंड असते आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा हिमाचा पापुद्रा असू शकतो.

उत्तर २ (फॅब्रिकेशन अभियंता, अंबरनाथ)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण धोक्याची सुरुवात लडाखमध्ये नव्हे तर आपल्याकडेच होते, हे त्यात राहून गेले. आपल्याकडे खारी हवा उघड्या पोलादावर क्लोराइड सोडते, आणि ब्लास्टिंगने ते पुरते निघतेच असे नाही. लेपाखाली अडकलेले मीठ ओलावा ओढते व फोड आणते. म्हणून प्रायमरपूर्वी ब्रेसल चाचणी (पृष्ठभागावरील मीठ मोजण्याची) करावी आणि मिठाचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्यास गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ब्लास्टिंग करावे. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पोलाद दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंगाची बंदूक हातात घेऊ देऊ नये, मग ट्रक कितीही तास फाटकाशी उभा राहो.

तिन्ही थर इथेच पूर्ण करून पाठवावेत. शेवटचा थर पूल उभारल्यावर देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण उशीर झाला की तोच थर थंडीत सापडतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जाडी २४० मायक्रॉनच ठेवावी, असे ग्राहकाला लेखी कळवतो. आमच्याकडे दवबिंदू काढण्यासाठी ओल्या आणि कोरड्या फुग्याचा हातानं फिरवण्याचा तापमापक आहे. तो तिकडे पाठवला तर चालेल का? आणि बोल्टच्या जोडांचे काय करावे?

उत्तर १ (लेप सल्लागार, मुलुंड)

तापमापक पाठवू नये. शून्याखाली त्याचा ओला फुगा गोठतो, आणि नेहमीचे तक्ते समुद्रसपाटीच्या दाबासाठी असतात, तर त्या उंचीवर हवेचा दाब सुमारे दोन तृतीयांश असतो. इलेक्ट्रॉनिक दवबिंदूमापक पाठवावा आणि त्याच्या बॅटऱ्या कामगारांनी खिशात उबेत ठेवाव्यात. रंगाचे डबेही लावण्याच्या आदल्या रात्रीपासून तापवलेल्या खोलीत असावेत. घट्ट झालेल्या रंगात थिनर वाढवणे हा उपाय नव्हे, त्याने लेप ओघळतो आणि पातळ राहतो.

घर्षणावर चालणाऱ्या बोल्टच्या जोडांत एकमेकांना भिडणाऱ्या पृष्ठभागांवर इपॉक्सी किंवा पॉलीयुरेथेन येऊ देऊ नये, नाहीतर जोड सरकण्याचा धोका असतो. त्या जागा कारखान्यातच चिकटपट्टीने झाकाव्यात आणि आराखड्यात मंजूर असलेला लेपच तिथे द्यावा. बोल्ट आवळून झाल्यावर जोडाभोवती ताडपत्रीचा तंबू उभारून आत अप्रत्यक्ष हीटरची गरम हवा सोडावी. आतच जळणारा रॉकेलचा हीटर वापरू नये, कारण तो ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सोडतो, आणि अमाइनची साय नेमकी त्यांच्यामुळेच धरते. रंग दिल्यावर लेप पक्का होईपर्यंत, रात्रीसुद्धा, तंबूतील ऊब सुरू राहिली पाहिजे. त्या डिझेलचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरून ठेवावा.