कबूल म्हटलं, पण दोषी ठरवायच्या आत मागं घेतलं तर?

रंकाळ्याकाठचा
भाच्याचा टेम्पो कावळा नाक्याजवळ एका आजींना घासून गेला. हाताला मुका मार लागला. कोर्टात विचारलं, 'गुन्हा कबूल?' पोरगं म्हणालं, 'गाडी मीच चालवत होतो, पण आजी एकदम आडव्या आल्या.' कागदावर उमटलं एवढंच: गुन्हा कबूल. खाली सही. बाहेर कुणीतरी शिकवलं होतं, हो म्हण, दंड भर, संध्याकाळी घरी. हुकूम दुपारनंतर होता. मी जेवणाच्या सुट्टीत पोचलो, वकील गाठला, कबुली मागं घ्यायचा अर्ज टाकला. आजींचा मुलगा म्हणतो, कोर्ट म्हणजे काय पोरखेळ हाय? माझं मत, दोषी ठरवेपर्यंत मागं घेता आलीच पाहिजे.

निवृत्त कारकून, कसबा बावडा
चुकीचं. नोकरीभर हेच पाहिलं. दंडाच्या आशेनं हो म्हणायचं आणि साहेबांच्या तोंडून कैदेचा 'कै' निघाला की 'मला समजलंच नव्हतं.' आजींच्या मुलानं खाडा करून तारीख गाठली, त्याचं काय? तुमचा भाचा काही कुक्कुलं बाळ नाही.

वकिली करते
काका, मागं घेण्याचा हक्क देणारं वेगळं कलम नाही, हे मान्य. पण समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २५२) सांगतं की आरोपीचे शब्द होता होईल तो जसेच्या तसे लिहा. आणि त्यावर न्यायाधीश दोषी 'ठरवू शकतात', ठरवलंच पाहिजे असं नाही. 'आजी आडव्या आल्या' ही कबुली कुठली? तो तर हलगर्जीपणाचा इन्कार झाला. एकदा दोषी ठरला की कलम ४१६ आडवं येतं, अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं. म्हणून जे काय करायचं ते आदेशाआधीच. कसाबनं २० जुलै २००९ ला भर कोर्टात कबुली दिली, तरी खटला पुढं चाललाच की.

निवृत्त कारकून, कसबा बावडा
ते उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, ताई. पुरावा चालू ठेवला म्हणूनच डिसेंबरात तो फिरला तरी काही बिघडलं नाही. इथं कबुलीवर विसंबून साक्षीदार सोडून दिले, तर पुन्हा गोळा कोण करणार?

रंकाळ्याकाठचा
काका, त्या दिवशी साक्षीदार बोलावलेच नव्हते. सकाळी सही, दुपारी अर्ज. शिक्षेचा आकडा ऐकून फिरणाऱ्याला खुशाल खर्च लावा, माझी ना नाही. पण पोरगं जे बोललं ते तरी लिहा! खाड्याचं म्हणाल तर बोचतंय. आजींच्या मुलाला दोनदा फोन लावला, उचलत नाही. अर्जावर सोमवारी ऐकणार आहेत.