इंडोनेशियन 'तोमात' आणि पिपिल 'तुमात': नातं की उसनवारी?

शब्दखोर: मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरची पिपिल भाषा (तिचंच दुसरं नाव 'नावात') आणि इंडोनेशियन यांच्या शब्दयाद्या शेजारी ठेवल्या. टोमॅटो: 'तुमात' / 'तोमात'. ॲव्होकॅडो: 'आवाकात' / 'आल्पुकात'. दोन्हीकडे 'माती' असा शब्दही आहे. मध्ये अख्खा पॅसिफिक! हे तपासायचं कसं?

आडवाटसरू: फळांची नावं उसनी, पण पिपिलकडून नव्हे. पिपिलची मेक्सिकोतली बहीण नावात्ल. तिच्यात 'तोमात्ल', 'आवाकात्ल'. शेवटचं 'त्ल' म्हणजे नामाला लागणारा प्रत्यय, पिपिलमध्ये तोच नुसता 'त'. स्पॅनिशमध्ये 'त्ल'चा 'ते' झाला: 'तोमाते', 'आग्वाकाते'. डचमध्ये शेवटचा स्वर गळला आणि 'तोमात' डचांबरोबर इंडोनेशियात उतरला. ॲव्होकॅडोची गंमत वेगळी: युरोपात त्याच्या नावाची वकिलाच्या शब्दाशी गल्लत झाली, त्या डच रूपावरून 'आल्पुकात'. खुंटा हलवून बघायचा तर मलेशियाची मलय पाहा. भाषा जवळपास तीच, पण राज्य इंग्रजांचं, म्हणून तिथे 'तोमातो' आणि 'आवोकादो'.

मुळाक्षर: 'माती' हा निव्वळ योगायोग. मलयमध्ये, म्हणजे इंडोनेशियनमध्येही, अर्थ मरणे, मेलेला. न्यूझीलंडच्या माओरी भाषेतलं 'माते' त्याचंच भावंड. पिपिलमध्ये अर्थ जाणणे: 'नि-क-माती', मी-ते-जाणतो.

तपासताना फळं, जनावरं, व्यापारी माल आधी बाजूला काढा. हे शब्द मालाबरोबर फिरतात. मग आकडे, अवयव, सर्वनामं घ्या. पिपिल नामाचा '-त' सोलून मगच तुलना करा, नाहीतर निम्मी यादी उगाच जुळल्यासारखी वाटते. दोन: मलय 'दुआ' / पिपिल 'उमे'. डोळा: 'माता' / 'इश'. पाणी: 'आइर' / 'आत', आणि इथे 'त' काढल्यावर उरतो एकटा 'आ', त्यावर हुरळू नका. एकाच ध्वनीसमोर तोच दुसरा ध्वनी अनेक शब्दांत नेमाने यायला हवा. इथे तसं काहीच नाही. मलय ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातली, पिपिल युटो-ॲझ्टेकन कुळातली.

शब्दखोर: मग मलय 'दुआ' आणि आपलं 'दोन'?

मुळाक्षर: तोही चकवा. माओरीत 'रुआ', हवाईयनमध्ये 'लुआ'. दोन्ही मलयच्याच कुळातल्या, म्हणजे शब्द घरचाच. संस्कृतातून खरोखर गेलेला हवा असेल तर 'केपाला' घ्या. मूळ 'कपाल'. आपल्याकडे त्याचं कपाळ झालं, तिकडे अख्खं डोकं.