श्रीहरिकोट्याचे उड्डाण आणि कुटुंबाची सहल : तारखांचा मेळ कसा घालावा?

गोदातीर, परभणी

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ चे उड्डाण तिने शाळेत पडद्यावर पाहिले आणि तेव्हापासून श्रीहरिकोट्याला जाऊन एक तरी उड्डाण प्रत्यक्ष पाहायचे, हा ध्यास तिने घेतला आहे. धाकटा मुलगा चौथीत आहे. सासरे ७२ वर्षांचे असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांच्या मनात तिरुपतीचे दर्शन आहे. श्रीहरिकोट्याचे प्रवेशद्वार असलेले सुल्लुरपेट हे गाव तिरुपतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच असल्याने दोघांचीही इच्छा एकाच सहलीत पुरी करावी, असे आम्हा उभयतांना वाटते.

अडचण तारखांची आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्टीच्या काळात पाहता पाहता भरते. तिरुमलाच्या ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाची तिकिटे तर त्याहूनही आधी काढावी लागतात. उड्डाणाची पक्की तारीख मात्र अगदी जवळ आल्यावर जाहीर होते, आणि ती पुढे जाणार नाही याचीही खात्री नसते. आम्हाला दिवाळीची सुट्टी सोयीची आहे. आरक्षण नेमके कशाच्या भरवशावर करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उलटगणती, लातूर

ताई, मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे आपल्या मुलीचा ध्यास वाचून फार आनंद झाला. माझे स्पष्ट मत असे, की आरक्षण दर्शनाच्या तारखेवर करावे आणि उड्डाणासाठी दर्शनानंतरचे तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत. उड्डाण हा सहलीचा एकमेव हेतू ठेवला, तर तारीख बदलताच सगळ्या घराचा हिरमोड होतो.

तारीख बदलण्यामागची कारणे मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावीत. चांद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे २:५१ वाजता ठरले होते. ५६ मिनिटे उरलेली असताना उलटगणती थांबवण्यात आली आणि यान २२ जुलैला दुपारी गेले. प्रोबा-३ या युरोपीय उपग्रहांचे उड्डाण ४ डिसेंबर २०२४ ला दुपारी व्हायचे होते, ते उपग्रहात दोष आढळल्यामुळे दुसऱ्या दिवशी ४:०४ वाजता झाले. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानाची चाचणी शेवटच्या ५ सेकंदांवर थांबली आणि त्याच सकाळी १० वाजता पार पडली. म्हणजे खोळंबा दोन तासांचाही असतो आणि आठवड्याचाही. मोकळ्या दिवसांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उड्डाण असेल, तरच पुढे सरकण्याला वाव राहतो. शेवटच्या दिवशीच्या उड्डाणावर विसंबू नये.

दिवाळीबाबत मात्र मी सावध करीन. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो. आपल्याकडे त्या वेळी आभाळ निरभ्र होऊ लागते, म्हणून हे सहसा लक्षात येत नाही. उड्डाण वेळेवर झाले, तरी ढग खाली उतरलेले असतील तर रॉकेट काही सेकंदांतच दिसेनासे होते. शाळेतून चार दिवसांची रजा मिळत असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा.

पाहण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नववीतली मुलगी हे सारे टिपू शकेल. आधी उजेड दिसतो आणि आवाज मागून येतो. ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. उजेड दिसताच तिने सेकंद मोजायला सुरुवात करावी आणि तळापासूनचे अंतर स्वतःच काढावे. तो आवाज कानांइतकाच छातीतही जाणवतो, म्हणून धाकट्याला आधी कल्पना द्यावी. इस्रोचे एलव्हीएम-३ या प्रकारचे रॉकेट असेल, तर जमिनीवरून उठताना फक्त बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर पेटलेले असतात. मधले द्रव इंधनाचे इंजिन जवळजवळ दोन मिनिटांनी आकाशात पेटते. जीएसएलव्ही या दुसऱ्या प्रकारच्या रॉकेटमध्ये उलट आहे : बाजूची चार द्रव इंधनाची इंजिने सुमारे ५ सेकंद आधी पेटतात आणि मग मधला घन इंधनाचा टप्पा. पीएसएलव्ही हे तिसऱ्या प्रकारचे रॉकेट ध्रुवीय, म्हणजे पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत जाणार असेल, तर ते थेट दक्षिणेकडे जात नाही. वाटेत श्रीलंका असल्यामुळे आधी आग्नेयेकडे जाऊन मग वळण घेते. रॉकेट दिसेनासे झाल्यावरही धुराच्या रेषेकडे पाहत राहावे, कारण वेगवेगळ्या उंचीवरचे वारे वेगवेगळ्या दिशांना वाहत असल्याने ती बघता बघता वाकडीतिकडी होते.

नाथसागर, पैठण

लातूरच्या सरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु दर्शन आणि उड्डाण यांची मोट बांधावी हे मला पटत नाही. वडीलधारे माणूस बरोबर असताना मोकळे दिवस म्हणजे लॉजवर नुसते वाट पाहणे होऊ शकते. त्यापेक्षा सर्वांनी मिळून फेब्रुवारीत तिरुपती, श्रीकालहस्ती आणि पुलिकत सरोवर असे करावे, आणि तारीख पक्की झाल्यावर आई किंवा बाबा यांपैकी एकाने मुलीला घेऊन तत्काळ आरक्षणाने स्वतंत्रपणे जाऊन यावे.

पुलिकतविषयी आवर्जून सांगतो. सुल्लुरपेटहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता या खाऱ्या सरोवरातूनच जातो. जायकवाडीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी आपल्या मुलांनी पाहिले असतील. तेच पक्षी येथे हिवाळ्यात मोठ्या संख्येने असतात. नायडुपेटहून सुल्लुरपेटला येताना नेलपट्टूचे पक्षी अभयारण्य लागते. तेथे झाडांवर पेलिकनांची घरटी दिसतात, आणि ती पाहण्यासाठी फार चालावेही लागत नाही. उड्डाण पुढे गेले तरी घराचा हिरमोड होऊ नये, हे सरांचे म्हणणे खरे तर या दोन जागांमुळेच साध्य होते.

गोदातीर, परभणी

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला एकटीला नेणे धाकट्याला फार लागेल, त्यामुळे सर्वांनी एकत्र जाण्याकडेच आमचा कल आहे. उड्डाण पाहण्यासाठी इस्रोचे जे प्रेक्षागार आहे, त्याची नोंदणी कशी होते, आणि सासऱ्यांना तेथे बसणे झेपेल का?

तेरणाकाठ, धाराशिव

प्रेक्षागार २०१९ पासून सर्वसामान्यांसाठी खुले आहे. प्रवेशाला शुल्क नाही, पण ऑनलाइन नोंदणी आवश्यक आहे. ती उड्डाणाच्या काही दिवस आधीच सुरू होते आणि जागा लवकर संपतात. म्हणून सर्वांची नावे, वये आणि ओळखपत्रांचे क्रमांक आताच एका कागदावर लिहून ठेवावेत, आणि इस्रोच्या अधिकृत घोषणांवर मुलीनेच लक्ष ठेवावे. ते काम ती आनंदाने करील. “अमुक महिन्यात उड्डाण” एवढ्या बातमीवर कोणतेही तिकीट काढू नये. वैमानिकांसाठी नोटॅम नावाची सूचना निघते, तिच्यात हवाई क्षेत्र कोणत्या दिवसांसाठी बंद राहील हे दिलेले असते. ती निघाली, की तारखेचा बराचसा अंदाज येतो.

तेथील बैठक उघड्यावर आणि पायऱ्यांची आहे. उड्डाणाच्या बऱ्याच आधी जाऊन बसावे लागते आणि परतताना वाहनांची मोठी गर्दी होते. गुडघे दुखत असतील, तर हा सगळा वेळ त्यांना जड जाईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्यासाठी सुल्लुरपेटमध्येच गच्ची असलेला लॉज पाहावा. तेथून रॉकेट क्षितिजावरून वर चढताना दिसते. आवाज सुमारे एक मिनिटाने आणि बराच सौम्य होऊन येतो. शिवाय त्याच गावात चेंगाळम्मा देवीचे मंदिर आहे. उड्डाणापूर्वी इस्रोचे अध्यक्षही तेथे दर्शनाला जातात. आदित्य-एल१ या सूर्याच्या अभ्यासासाठीच्या यानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ गेले होते. सासऱ्यांना तेथे नक्कीच समाधान वाटेल.

परभणीहून तिरुपतीची थेट गाडी आपल्या तारखांना मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास सिकंदराबादला गाडी बदलावी. आमच्याकडचे लोक सोलापूरहून चेन्नईच्या गाडीने रेणिगुंट्याला उतरतात, कारण तिरुपती तेथून अगदी जवळ आहे. परतीचे तिकीट मात्र मोकळे दिवस संपल्यानंतरचेच काढावे आणि उड्डाण लवकर झाले तरी ते बदलू नये. उरलेल्या वेळात नेलपट्टू निवांत पाहून होईल.