अ-३०४ ला मांजराचे पिल्लू द्यावे की देऊ नये (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ताई, ब-१०३ (सकाळी ७:१०)
सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. काल संध्याकाळी माझ्या मागच्या पडवीतील चार पिल्लांपैकी पांढऱ्या पायांचे पिल्लू अ-३०४ मध्ये नेण्यात आले. रात्री साडेअकरा वाजता, ते रडायचे थांबत नाही म्हणून, भर पावसात टोपलीत घालून ते माझ्या दाराशी परत आणून ठेवले गेले. बेल वाजवली असती तर मी उठले असते. पिल्लू पाच आठवड्यांचे आहे. आईपासून दूर नेल्यावर ते रडणार नाही तर काय करणार? ब-४०१ चे भाडेकरू बदली होऊन गेले तेव्हा या पिल्लांच्या आईला, म्हणजे आपल्या मनीला, जिन्यात सोडून गेले आणि तो सबंध पावसाळा तिला कोणी जेवू घातले, हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या वेळी या ग्रुपवर हळहळणारे पुष्कळ होते. ताटली घेऊन खाली उतरणारे कोणी नव्हते. म्हणून घर खरोखर तयार आहे अशी खात्री पटल्याशिवाय या वेळी मी एकही पिल्लू कोणाला देणार नाही.

दादा, अ-३०४
ताई, कालच्या प्रकाराबद्दल मनापासून क्षमा मागतो. आपल्या खोलीतील दिवा मालवलेला दिसला, म्हणून बेल वाजवली नाही. त्यामागे दुसरा हेतू नव्हता. आमची धाकटी आठवीत आहे आणि गेले वर्षभर ती मांजरासाठी हट्ट धरून बसली आहे. घरात सर्वांची संमती आहे. आमची तयारी झालीच आहे असे आपण समजावे.

आबा, ब-२०१
गणपतीत आपण दहा दिवस गुहागरला असता. त्या दिवसांत मांजर कोणाकडे राहणार?

नानी, अ-२०१
मांजराला एवढी तयारी कधीपासून लागू लागली? आमच्या राजापूरच्या घरी मांजर कोणी पाळत नसे, तेच आम्हांला पाळत असे. माशांचे वाटप चालू असताना येऊन बसायचे, बांगड्याचे डोके भातात कालवून दिले की जेवायचे आणि माळ्यावर जाऊन झोपायचे. त्याचे वय कोणी मोजले नाही आणि त्याला डॉक्टरही कोणी दाखवला नाही.

ताई, ब-१०३
नानी, राजापूरच्या घराला मागचे दार होते, परसू होते आणि माणसे पंधरा होती. अ-३०४ तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कुलूप असते. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मिरकरवाडा बंदरावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात. आपण स्वतः गेला महिनाभर सुक्या बांगड्यावर आहात, मग मांजराला डोके कोठून आणणार?

नानी, अ-२०१
सुका बांगडा माझ्याकडे पुष्कळ आहे. गच्चीवर वाळत घातलेल्यापैकी अर्धा तुमच्या मनीनेच नेला होता, याचा उल्लेख मी आजवर ग्रुपवर केला नव्हता.

डॉक्टर काका, अ-१०२
पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाल्याला आता नऊ वर्षे झाली, तरी विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. खारवलेली सुकी मासळी मांजराला देऊ नये, कारण त्यात मीठ फार असते. ताजा मासा द्यायचा तर शिजवून आणि काटे काढून द्यावा. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारा घटक असतो. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा जो घटक त्याला लागतो तो मांस आणि मासळीतूनच मिळतो, आणि तो न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा कायमचा बिघडू शकतो व हृदयही कमकुवत होऊ शकते. नुसता दहीभात घालून मांजर जगवणारी घरे मी नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिली आहेत. मांस उकडले तर ते पाणीही द्यावे, कारण टॉरीन पाण्यात उतरते. दूध हे मांजराचे अन्न आहे अशी आपली पक्की समजूत असली, तरी वाढलेल्या बहुतेक मांजरांना गाईचे दूध पचत नाही.

दादांना आणखी एक गोष्ट सांगतो. घरात सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे सहज जगते. आज आठवीत असलेली आपली लेक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असेल आणि कदाचित पुण्याला किंवा त्याहून दूर असेल. त्यामुळे मांजर हवे का, हे तिला विचारण्यापेक्षा आपण दोघांनी एकमेकांना विचारलेले बरे.

आबा, ब-२०१
उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा विचारतो. गणपतीत मांजर कोणाकडे राहणार?

क-२०२ (मुंबईहून)
सर्वांना नमस्कार. आमचा फ्लॅट वर्षातील अकरा महिने बंदच असतो. गणपतीपुरते मांजर तेथे ठेवण्यास माझी हरकत नाही. त्या निमित्ताने स्वयंपाकघरातील उंदीर तरी जातील.

सचिव
क-२०२ यांच्या औदार्याबद्दल आभार. त्याच फ्लॅटची सहा महिन्यांची देखभाल वर्गणी थकलेली आहे, याचे या निमित्ताने त्यांना नम्र स्मरण करून देतो.

क-२०२ (मुंबईहून)
मांजराच्या चर्चेत वर्गणी कोठून आली, हे समजले नाही.

सचिव
आपण आलात, आपल्यासोबत तीही आली.

विषयाकडे वळतो. काही सभासदांनी मला खासगीत विचारले आहे की, सोसायटीने बहुमताने ठराव करून प्राणी पाळण्यास मनाई करावी काय. तसे करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे की, बहुमत असले तरी सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. उलट, पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. ब-४०१ च्या वेळी हे कोणी बोलून दाखवले नाही, त्यात मीही आलो. तथापि पार्किंगमध्ये पडलेल्या बांधकामाच्या वाळूत मांजरे घाण करतात, अशा चार लेखी तक्रारी माझ्याकडे आहेत.

ताई, ब-१०३
ती वाळू आपल्याच बाथरूमच्या दुरुस्तीची आहे आणि ती शिमग्यापासून तेथे पडून आहे. मोकळी वाळू दिसल्यावर मांजराने दुसरे काय करावे अशी अपेक्षा आहे? पिल्ले जन्मल्यापासून जिन्यात रोज काळे फिनेल ओतले जाते, त्याबद्दलही एकदा खुलासा व्हावा.

डॉक्टर काका, अ-१०२
फिनेलबाबत ताईंचे म्हणणे रास्त आहे. त्यातील फिनॉल पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि नंतर पंजे चाटते, म्हणजे ते सरळ पोटात जाते. ताप उतरण्यासाठी आपण जी पॅरासिटॅमॉल घेतो तिची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजर घरात आणण्यापूर्वी औषधांचा डबा, फिनेलची बाटली आणि लिलीची फुले यांची जागा ठरवावी. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व सरकत्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवावी. मांजर कधी पडत नाही हे खरे नाही. कावळ्याकडे झेपावताना पडलेली मांजरे मी स्वतः टाके घालून सोडली आहेत.

दादा, अ-३०४
जाळीवाल्याला आजच बोलावतो. बाकी सर्व सूचना मान्य आहेत.

वहिनी, अ-३०४
मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही. 'घरात सर्वांची संमती आहे' हे वाक्य मीही आत्ताच वाचले. हौस धाकटीची आहे, होकार यांचा आहे आणि रोज सकाळी मांजराच्या घाणीचा ट्रे उपसणारी मी असणार आहे, हे कोणी सांगायला नको. मला मांजर नको आहे असे नाही. काल रात्री ते पिल्लू माझ्याच मांडीवर शेवटी दहा मिनिटे गप्प राहिले होते. परंतु माझी मोठी लेक नवरात्रानंतर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. गरोदर बाई असलेल्या घरात मांजर ठेवू नये, असे तिच्या सासूबाईंनी फोनवर दोनदा सांगितले आहे. डॉक्टर काकांनी याविषयी स्पष्ट सांगावे. मी त्यांचा शब्द मानेन.

नानी, अ-२०१
केस पोटात जातात.

डॉक्टर काका, अ-१०२
वहिनी, केसांमुळे काही होत नाही. विहीणबाईंची भीती मात्र अगदीच निराधार नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. त्याची बाधा झालेल्या मांजराच्या विष्ठेतून तो काही दिवस बाहेर पडतो आणि गरोदरपणात प्रथमच लागण झाली तर गर्भाला धोका असतो. मात्र विष्ठेत पडल्यावर तो बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोजच्या रोज साफ केला, ते काम गरोदर मुलीकडे अजिबात दिले नाही, मांजराला कच्चे मांस घातले नाही आणि उंदीर धरायला बाहेर सोडले नाही, तर धोका फारच थोडा उरतो. न धुतलेली भाजी आणि अर्धे कच्चे मटण यांतूनही हीच लागण होते, हेही त्यांना कळवावे. कोणाला दमा असेल तर तो विचार वेगळा करावा लागेल. ती ॲलर्जी मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनाची असते, म्हणून केस विंचरून ती जात नाही.

वहिनी, अ-३०४
आमच्याकडे दमा कोणाला नाही. आभारी आहे. लेकीच्या सासूबाईंना हा संदेश जसाच्या तसा पाठवते.

आबा, ब-२०१
गणपतीत मांजर कोणाकडे राहणार, हा माझा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत आहे. मी म्हातारा माणूस आहे, म्हणून उत्तर देण्याची गरज नाही असे कोणी समजू नये.

दादा, अ-३०४
आबा, गैरसमज नसावा. खरे सांगायचे तर त्याचा विचार आम्ही केलेला नव्हता. गाडीतून सोबत न्यावे असे मनात होते.

ताई, ब-१०३
नव्या घरात नुकत्याच आलेल्या पिल्लाला पुन्हा चाळीस माणसे, फटाके आणि रात्रभर जाखडीचे नाच चाललेल्या घरात नेल्यास ते पहिल्याच रात्री परसातून नाहीसे होईल. आबांचा प्रश्न मला सकाळी नुसता खोचक वाटला होता. तसे वाटल्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

गणपतीला अजून आठ आठवडे आहेत. पिल्लू किमान आठ आणि शक्य तर बारा आठवडे आईजवळ राहावे, असे डॉक्टर काकांनीच मला सांगितले होते. तेव्हा ते पडवीतच राहू दे. मात्र माणसांची सवय त्याला याच वयात लागते, म्हणून धाकटीने आणि वहिनींनी रोज सकाळी शाळेपूर्वी व संध्याकाळी दिवेलागणीला खाली यावे, त्याला खाऊ घालावे, हाताळावे आणि ट्रे साफ करावा. गणपती करून आपण परत याल तेव्हा ते साडेतीन महिन्यांचे झालेले असेल. हे आठ आठवडे, पाऊस असो वा वीज गेलेली असो, आपल्याकडून कोणी ना कोणी येत राहिले, तर मी स्वतः पिल्लू वर आणून देईन. वहिनींऐवजी दादा आले तरी चालेल. किंबहुना तेच अधिक बरे होईल.

वहिनी, अ-३०४
मान्य आहे. सकाळची पाळी हे करतील.

दादा, अ-३०४
मान्य आहे.

डॉक्टर काका, अ-१०२
पहिली लस आठव्या आठवड्यात घ्यावी आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर द्यायची. पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदी करून घ्यावी. मनीचीही नसबंदी पिल्ले दुधावरून सुटताच करावी लागेल, नाहीतर दिवाळीत हीच चर्चा पुन्हा करावी लागेल. अंगावर पिल्ले पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते.

सचिव
हा खर्च सोसायटीच्या निधीतून करता येणार नाही.

दादा, अ-३०४
मनीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मी करतो. कालच्या टोपलीची भरपाई समजा.

क-२०२ (मुंबईहून)
अर्धा खर्च माझ्याकडे लावावा.

सचिव
वर्गणीही त्याच वेळी पाठवावी. पार्किंगमधील वाळू रविवारी उचलली जाईल आणि जिना उद्यापासून साबणाच्या पाण्याने धुतला जाईल.

आबा, ब-२०१
गणपतीचे समजले. आता शिमग्याचे सांगावे. तेव्हाही आपण पाच दिवस पालखीला गावी असता.