मदत हवी आहे: ‘टोरी’ शब्दाचं आयरिश मूळ

नमस्कार मंडळी. ब्रिटनच्या ज्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपली वर्तमानपत्रं ‘हुजूर पक्ष’ म्हणत आली, त्याचं इंग्रजीतलं रूढ नाव ‘टोरी’. हा शब्द आयरिश आहे आणि त्याचा मूळ अर्थ लुटारू, फरारी माणूस.

१६४९ नंतर इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या फौजांनी आयर्लंड जिंकलं, कॅथलिकांच्या जमिनी काढून घेतल्या. देशोधडीला लागलेले काही जण रानात, दलदलीत लपून इंग्रजांवर छापे घालू लागले. त्यांना टोरी म्हणत. त्यांच्या डोक्यावर इनामं लागली होती! पुढे १६७९ ते १६८१ मध्ये इंग्लंडच्या गादीच्या वारसावरून झालेल्या वादात, राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स याचा गादीवरचा हक्क मानणाऱ्यांना विरोधकांनी हीच शिवी दिली, आणि ती त्यांना कायमची चिकटली. (समोरच्यांना मिळालेलं ‘व्हिग’ हे नाव स्कॉटलंडचं.)

इथवर नीट कळतं. अडतंय ते पुढे. आयरिशमध्ये ‘तोर’ म्हणजे पाठलाग, आणि त्यावरून ‘तोरी’. मग हा पाठलाग करणारा, की ज्याचा पाठलाग होतो तो? दोन्ही अर्थ दिलेले दिसतात, आणि माझ्या मते या शब्दाची खरी गंमत इथेच आहे.

आयर्लंडमध्ये राहणारं किंवा आयरिश शिकलेलं कुणी इथे आहे का? त्या प्रत्ययाचं व्याकरण समजावून सांगाल का? शिवाय आजच्या आयरिश बोलण्यात हा शब्द कुणाला, कोणत्या अर्थाने वापरतात? नेमका उच्चार रेकॉर्ड करून पाठवलात तर फारच उपकार होतील.