मदत हवी आहे: ॲप माझ्या फोनवर चालतं, वडिलांच्या फोनवर बंद पडतं. अर्जंट!!

निफाडचा_गडी | शुक्रवार, रात्री ११:५२
तीन महिने झाले ॲप बनवायला शिकतोय. कांद्याच्या हिशोबाचं साधंच केलंय. खेपा, वजन, भाव टाकायचा, बटण दाबलं की पट्टीची रक्कम येते. माझ्याकडे एकदम ओके. वडिलांना एपीके (ॲपची फाइल) पाठवली तर बटण दाबताच बंद. दोनदा काढून परत टाकायला लावली, तेच. सोमवारी माल लासलगावला जाणार आणि मी घरी सांगून बसलोय की यंदा वही लागणार नाही. काय चुकतंय? लवकर सांगा.

गंगापूर_रोड_कोडर
भाषा कोणती? एरर काय? फोन कोणता? नुसतं 'बंद पडतं' म्हटल्यावर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का?

निफाडचा_गडी
साधा अँड्रॉइड फोन आहे हो, सगळ्यांकडे असतो तसा. भाषा कॉटलिन, स्क्रीन जेटपॅक कंपोजमध्ये (स्क्रीन बनवायचं गूगलचं साधन). एरर काही दिसत नाही, ॲप बंद झालं एवढंच येतं.

फ्लटरवाला
कॉटलिन कशाला धरलीस मित्रा? डार्ट भाषा शीक, तिच्यातलं फ्लटर वापर. एकदा लिहिलं की अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं. मी सातपूरला नोकरी करता करता रात्री बसून शिकलो, चार महिन्यांत दुकानाचं ॲप उभं केलं. अजून वेळ गेलेली नाही.

जुना_जावावाला
आजकालच्या पोरांची हीच गंमत. पाया न घालता स्लॅब टाकायचा. आधी वर्षभर जावा करा. कॉटलिन शेवटी जावाच्याच खांद्यावर बसलेली आहे.

गंगापूर_रोड_कोडर
@जुना_जावावाला सर, गूगलने २०१७ मध्ये कॉटलिनला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तर तिलाच पहिलं स्थान आहे. कंपोज कॉटलिनशिवाय लिहिताच येत नाही. नव्या पोराला वर्षभर जावात अडकवून काय साधणार?

जुना_जावावाला
मान्यता ठीक आहे. पण जावा हे बेटाचं नाव, आणि कॉटलिन हेही सेंट पीटर्सबर्गजवळच्या बेटाचं. नावसुद्धा आमचं बघूनच ठेवलं!

टेस्टर_सिडको
बेटं राहू द्या. दादा, बंद पडण्याआधी तुमचे वडील नक्की काय काय टाइप करतात? आणि हे पहिल्या दिवसापासून होतंय की मधेच सुरू झालं?

निफाडचा_गडी
पहिल्या दिवसापासून नाही. आधी वजन इंट (पूर्ण आकडा) ठेवलं होतं, तेव्हा त्यांच्याकडे पण चालायचं. पण साडेअठरा क्विंटल लिहिता येईना, म्हणून परवा डबल (टिंबाचा आकडा) केलं. तेव्हापासून पडतंय. खेपा आणि भाव अजून इंटच आहेत.

टेस्टर_सिडको
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंत! म्हणजे भानगड वजनाच्या रकान्यात आहे.

नल_नको
सोपं आहे रे. तू नुसतं टू-डबल वापरलं असशील. मजकुराचा आकडा झाला नाही की ते अपवाद फेकतं आणि ॲप झोपतं. टू-डबल-ऑर-नल वापर, ते अशा वेळी नल म्हणजे 'काहीच नाही' देतं, पुढे एल्व्हिस ऑपरेटर (नल आला तर बदली किंमत देणारं चिन्ह) लावून शून्य दे. आकडा जमला तर आकडा, नाही तर शून्य. कॉटलिनमध्ये नल जपून हाताळायची सोय भाषेतच आहे, वापरायला शीक.

निफाडचा_गडी
केलं!! बंद पडायचं थांबलं. भाऊ, तुम्हाला साधना मिसळ माझ्याकडून.

गोदाकाठ
साधना नको, गर्दी फार असते. पंचवटीत आमच्या गल्लीत एक गाडी आहे, तर्री अशी की कपाळाला घाम.

ॲपलप्रेमी
आयफोनसाठी करायचं असेल तर स्विफ्ट घ्या. ॲपलने २०१४ मध्ये आणली. मात्र त्यासाठीच्या एक्सकोड सॉफ्टवेअरला मॅक लागतो, विंडोजच्या लॅपटॉपवर चालत नाही. जुना मॅक घेताना बॅटरी बघून घ्या.

निफाडचा_गडी | शनिवार, सकाळी ८:१०
वडिलांचा आत्ता फोन आला. ॲप बंद पडत नाही, पण वजन शून्य, रक्कम शून्य. मला विचारतात, "सगळा कांदा फुकट दिला का रे?" माझ्याकडे तोच आकडा टाकला तर बरोबर उत्तर येतं. आता?

टेस्टर_सिडको
@नल_नको बघा, हे तुमच्या शून्यामुळे झालं. काल ॲप पडत तरी होतं, म्हणून चूक कळली. आज ते गप्प बसून खोटा हिशोब दाखवतंय. नल आला तर 'वजन पुन्हा लिहा' असा संदेश द्यायचा, शून्य कसलं भरता?

नल_नको
प्रश्न ॲप बंद पडण्याचा होता, तो मी सोडवला. हिशोबाचा प्रश्न वेगळा आहे.

टेस्टर_सिडको
अहो, हिशोबाचंच ॲप आहे ते!
गडी दादा, वडिलांना वजनाच्या रकान्याचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.

निफाडचा_गडी
आला. १८.५ च लिहिलंय. काही चूक नाही.

टेस्टर_सिडको
मराठी आकड्यांत?

निफाडचा_गडी
हो, मराठीतच. त्यांचा कीबोर्ड मराठी आहे, मीच लावून दिलाय. माझा इंग्रजी आहे. त्याने काय होतं? खेपा आणि भाव पण ते मराठीतच टाकतात, ते तर बरोबर येतात.

जुना_जावावाला
आता या म्हाताऱ्याचं ऐका. टू-इंट आतून जावाचंच पार्स-इंट वापरतं. ते एकेक अक्षर घेऊन हा अंक आहे का आणि किती, असं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची यादी) हिशोबाने तपासतं. तिथे मराठी तीन आणि इंग्रजी तीन दोन्ही तीनच. टू-डबलमागचं पार्स-डबल मात्र वेगळं लिहिलेलं आहे, ते इंग्रजी आकड्यांशिवाय काही ओळखत नाही. म्हणून इंट होतं तोवर चाललं आणि डबल केल्यावर पडलं. मी म्हटलं होतं, पाया हवा.

गंगापूर_रोड_कोडर
हे मलाही माहीत नव्हतं, सर. मानलं. (वर्षभर जावा मात्र अजूनही पटलेलं नाही.)
गडी, दोन गोष्टी कर. टेक्स्टफील्डच्या (लिहायचा रकाना) कीबोर्ड-ऑप्शन्समध्ये कीबोर्ड-टाइप डेसिमल दे, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. पण तेवढ्यावर थांबू नको. कंपोज फक्त कीबोर्ड सुचवतं, आत काय आलं ते गाळत नाही. म्हणून टू-डबलच्या आधी मजकुरातलं एकेक अक्षर बघायचं. इज-डिजिट खरं आलं तर डिजिट-टू-इंटने त्याचा आकडा घ्यायचा, नाहीतर अक्षर तसंच ठेवायचं, मग सगळं परत जोडायचं. टिंब जागेवर राहतं आणि आकडे इंग्रजी होतात.

फ्लटरवाला
डार्टमध्ये...

टेस्टर_सिडको
नको.

कांदाचाळ
मला प्रोग्रामिंग काही कळत नाही, कांदा शोधताना इथे आलो. आमच्या काट्याची चिठ्ठी किलोत येते. साडेअठरा क्विंटल म्हणजे १८५० किलो. मग टिंबाची गरजच काय? चिठ्ठीवर आहे तेच लिहू द्या ना त्यांना.

गंगापूर_रोड_कोडर
कांदाचाळ काका, आम्ही कालपासून डोकं फोडतोय आणि तुम्ही दोन ओळींत मिटवलंत! वजन किलोत घेतलं की इंट पुरतं, मराठी आकडेही चालतात. शिवाय पैशाच्या हिशोबाला डबल नकोच. त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले तर बरोबर ०.३ येत नाही, मागे बारीक शेपूट राहतं.
फक्त एक जपायचं. भाव क्विंटलचा आहे, म्हणून आधी किलो गुणिले भाव आणि मग भागिले १००. उलटं केलंस तर इंटमध्ये १८५० भागिले १०० म्हणजे नुसते १८ येतात, मधला अर्धा क्विंटल गायब. वजनाला टू-इंट-ऑर-नल लाव आणि नल आला तर टेस्टर ताईंनी सांगितलेला संदेश दाखव.

निफाडचा_गडी | शनिवार, रात्री ९:३५
किलोवर आणलं. रकान्यावर 'वजन (किलो)' असं लिहिलं, आधी गुणाकार मग भागाकार केला. वडिलांनी चिठ्ठी बघून १८५० मराठीत टाकलं, रक्कम बरोबर आली. त्यांनी वहीत पण मांडून बघितली, तेव्हाच मान्य केलं. सगळ्यांचे आभार, आणि ताई, पहिल्याच पोस्टमध्ये सगळं सांगायला हवं होतं, चुकलं.
एकच राहिलं. सकाळच्या दोन शून्य वजनाच्या खेपा यादीत बसल्यात. वडील म्हणतात त्या काढ, वाईट दिसतं. पुसायचं बटण मी केलंच नाहीये. काय करू?

टेस्टर_सिडको
नवीन धागा काढा. आणि या वेळी डेटा कुठे साठवता ते आधी सांगा.

नल_नको
ॲप काढून परत टाक, यादी रिकामी होईल.

टेस्टर_सिडको
खऱ्या खेपा पण जातील त्यात! गडी दादा, याचं ऐकू नका.