मदत हवी आहे: कीबोर्डचा सूर किंचित चढवायचाय

नमस्कार मंडळी, मी अंबाजोगाईचा. आमच्या भजनी मंडळाची पेटी ४४० हर्ट्झपेक्षा (म्हणजे नेहमीच्या प्रमाण सुरापेक्षा) जराशी चढी आहे. माझ्या छोट्या कीबोर्डात ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) आहे, पण ते अर्ध्या स्वराच्या उडीनेच सरकतं. दोन्ही सोबत वाजले की कानाला खुपतं. पेटीचे सूर घासायला मन धजत नाही, आजोबांची आहे ती.

म्हणून काल कीबोर्डच उघडला. अॅडॅप्टर काढून, फक्त सेलवर. मुख्य चिप काळ्या थेंबाखाली झाकलेली, नंबर दिसत नाही. चिपचा वेग ठरवणारा क्रिस्टल कुठंच नाही. ओलं बोट फिरवत गेलो तर एका रेझिस्टरवर सूर चक्क चढला! पट्टे पिवळा, जांभळा, नारंगी, म्हणजे ४७ के (किलोओहम).

याला १ मेगाओहमचा रेझिस्टर समांतर जोडला तर साधारण ४५ के होतात. पण त्यानं सूर पाऊण अर्धस्वर चढेल असं वाटतं, मला तर त्याच्या पावपटच हवाय. मग १ मेगासोबत सिरीजमध्ये केवढा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावू? शून्यावर फिरवला तरी चिप अडकायला नको. तालाचा वेगही सोबत वाढेल, ते चालेल.

आणि कळांखालच्या रबरी पट्टीवरची धूळ कशानं पुसता? काळ्या ठिपक्यांना हात लावायची भीती वाटते. एकादशीच्या आधी जमवायचंय, कुणी हे केलं असेल तर जरूर सांगा.